तळटीप क्रमांक सत्तावीस

१ नोव्हेंबर १९८२. सकाळी ६.१०

आजपासून प्रबंध. विषय मंजूर झाला: 'आंधळगाव परिसरातील तलाव व बोड्या : इतिहास आणि लोकपरंपरा'. एम.ए.च्या एका पेपरऐवजी शंभर पानांचा लघुप्रबंध द्यायची सोय आहे, ती मी घेतली. ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत भंडाऱ्याला कॉलेजच्या ऑफिसात तीन प्रती, मार्गदर्शकाच्या सहीसकट.

जूनपासून आमच्या हायस्कूलला अकरावी-बारावी सुरू होणार. लेक्चररची जागा एक. उमेदवार दोन, मी आणि यादोराव. यादोरावही यंदाच एम.ए. करतो आहे, पण नुसते पेपर देऊन. त्यात काय आहे? पाठ केलं, ओकून टाकलं. संशोधक म्हणून जिल्ह्यात नाव होणार ते भोजराज तितिरमारेचं.

निर्धार : पहाटे पाचला उठणे. रोज दोन पानं, म्हणजे डिसेंबरात काम खलास. चहा दोनच. आणि ही रोजनिशी प्रमाण भाषेत लिहिणे. हाताला वळण लागलं पाहिजे, प्रबंधात मले-तुले चालत नाही.

(आज सहाला उठलो. पहिला दिवस धरायचा नाही.)

संध्याकाळी ५.३०

ऋणनिर्देश लिहून झाला. चार पानं. संस्थेचे अध्यक्ष, हेडमास्तर, माझे मार्गदर्शक लांजेवार सर, ग्रंथपाल, सायकल वेळेवर दुरुस्त करून देणारा मारोतराव, एकूण चौदा जण. एकालाही विसरलो नाही. वनिताच्या आईला वाचायला दिला. तिनं दोनदा वाचला, शेवटचं पान उलटून मागं काही आहे का ते पाहिलं आणि घडी घालून परत दिला. नववीपर्यंत शिकलेली आहे, तिला ही भाषा जड जाणारच.

चार पानं म्हणजे दोन दिवसांचा कोटा. उद्या सुट्टी.

९ नोव्हेंबर

टेबल खिडकीजवळ होतं. रस्त्यानं जाणारे नमस्कार करतात, त्यांना नमस्कार करण्यात सकाळ जाते. भिंतीकडे नेलं. भिंतीकडे पाहून काही सुचत नाही. ओसरीत नेलं. ओसरीत कोंबड्या. पुन्हा खिडकीजवळ.

जागा हाच मुख्य प्रश्न आहे. एकदा जागा ठरली की लेखन आपोआप होईल. चहा : पाच.

२१ नोव्हेंबर, रविवार

भंडाऱ्याला लांजेवार सरांकडे. सरांनी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला : तळटीपा कशा द्याव्यात. पुस्तकातलं असेल तर लेखक, पुस्तक, वर्ष, पान. माणसानं सांगितलेलं असेल तर नाव, वय, गाव, व्यवसाय, माहिती दिल्याचा दिनांक. एकही रकाना रिकामा नको. सर म्हणाले, दुसऱ्याकडून घेतलं तर त्याचं नाव लिहायचं, एवढंच संशोधन. बाकी सगळं कागद काळे करणं. साठी जवळ आली की माणसं अशी बोलतात.

त्या कागदावर एक शब्द मात्र फार आवडला. 'तत्रैव'. म्हणजे वरच्याच ठिकाणी. एकच आधार पुन्हा आला की पूर्ण नाव न लिहिता नुसतं तत्रैव लिहायचं. केवढा भारदस्त शब्द. बसमध्ये मनात घोळवत आलो. तलावांच्या इतिहासाची चार पुस्तकंही चाळून आलो. काय काय टिपलं ते कार्डांवर आहे. कोणत्या पुस्तकातलं ते लिहायचं राहिलं, पण माझ्या लक्षात आहे.

५ डिसेंबर, रविवार

आज फील्डवर्क. गावाबाहेर वडाची बोडी आहे. लहानसा तलाव, तीसेक एकर धान भिजतं. दरवर्षी रोवणीच्या आधी गावच्या बाया तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एकेक टोपलं माती टाकतात. का टाकतात, हा माझ्या चौथ्या प्रकरणाचा गाभा.

पार्वताबाईकडे गेलो. बोडीला लागूनच तिचं घर. बाई पुरुषमाणसापुढे तोंड उघडेना, डोक्यावरचा पदर ओढते आणि हो जी, नाही जी. शेवटी वनिताच्या आईला बोलावून आणावं लागलं. तिनं सुपातली भाजी पुढं ओढली, निवडायला बसली, आणि पार्वताबाई घडाघडा बोलायला लागली.

कथा अशी : बोडीला पाणी ठरत नव्हतं. कितीही पाळ बांधा, पहिल्या पुरात वाहून जाय. तेव्हा गावच्या सुईणीला स्वप्न पडलं, की माझ्या हातानं जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या मायनं एक टोपलं माती टाकावी. बायांनी टाकली. पाणी ठरलं. तेव्हापासून चालू.

अंगावर काटा आला. अशी कथा कोणत्याही पुस्तकात नाही. हिला मात्र नेमकं तेव्हाच हसू फुटलं. पदर तोंडाला लावून खोकल्यासारखं केलं. मी डोळे वटारले. संशोधनाचं गांभीर्य सगळ्यांना कळतं असं नाही.

ही वनिताच्या जुन्या वहीत काहीतरी लिहीत बसली होती. घरी येऊन पाहिलं : 'पार्वताबाई, वय साठच्या आसपास, स्वतःच्या घरी, मेथी निवडताना, ५ डिसेंबर'. मी समजावून सांगितलं, की मेथी संशोधनात येत नाही. वही परत दिली.

१९ डिसेंबर, रविवार

चौथं प्रकरण एका बैठकीत लिहिलं. बैठक म्हणजे अधूनमधून उठलो, पण मन बसलेलं होतं. मथळा : 'एक प्राचीन परंपरा'. पहिलंच वाक्य, 'सुमारे ७०० वर्षांपूर्वीपासून चालत आलेली ही प्रथा...' सातशे कुठून आले असं कोणी विचारेल. इतकी सुंदर प्रथा त्यापेक्षा अलीकडची असूच शकत नाही.

तळटीप क्रमांक २७ : 'जुन्या जाणत्या मंडळींकडून'. त्यानंतर २८ ते ४१, सगळीकडे तत्रैव. पान कसं शोभून दिसतं.

९ जानेवारी १९८३, रविवार. दुपारी ३

सरांनी मसुदा परत केला. लाल शाईचा सडा. प्रबंधात 'असे म्हणतात' हे शब्द एकसष्ट वेळा आले आहेत, ते सरांनी मोजले. एवढा वेळ यांना मिळतो कुठून? चार ठिकाणी 'एका विद्वानाने म्हटले आहे' आहे, तिथं समासात लिहिलंय, 'त्याला आईबापानं नाव ठेवलं नव्हतं काय?' कार्डं काढून पाहिली. कोणतं कोणत्या पुस्तकातलं, ते लक्षात आहे असं मला वाटत होतं.

शिवाय तळटीप क्रमांक एक. तिथंही मी तत्रैव लिहिलं होतं. सर म्हणाले, पहिलीच टीप, हिच्या वर काय आहे, आभाळ?

आणि सत्तावीस. जुनी जाणती मंडळी म्हणजे कोण? नाव, वय, गाव. सगळं चौथं प्रकरण या एका टिपेवर उभं आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय सही मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

शुद्ध छळवाद आहे. उद्यापासून पाचला उठणार.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला दिवसभर येणं-जाणं. यादोराव येऊन गेला. त्याच्या सगळ्या पेपरच्या नोट्स तयार आहेत असं हसत हसत सांगून गेला. मी गोड बोललो. सणाचा दिवस होता म्हणून.

चहा : मोजले नाहीत.

२३ जानेवारी, रविवार

पुन्हा पार्वताबाई, वनिताच्या आईला सोबत घेऊन. तुला ही कथा कोणी सांगितली? 'तुळसाच्या बाबानं.' तुळसा तिची मुलगी. म्हणजे नवऱ्यानं. नाव काय त्यांचं? नवऱ्याचं नाव ती घेणार नाही. वाटलं तर तुळसाले बोलावतो म्हणाली, पण तुळसा सासरी तुमसरला. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, माझे ते चुलतसासरे लागतात, मीही नाव घेत नाही. अर्धा तास तीन बाया आणि मी एका माणसाच्या नावाभोवती फिरलो.

काय हा मागासपणा. जन्मभर ज्याच्यासोबत राहिलो त्याचं साधं नाव घेता येत नाही. घरी आल्यावर वनिताच्या आईपुढे यावर मी चांगलं दहा मिनिटं बोललो. ती म्हणाली, 'खरं आहे तुमचं.' मग म्हणाली, सोडून द्या न जी ते सत्तावीस नंबर. तिच्यात चिकाटी कमी आहे.

तळटीप २७ : 'तुळसाचे बाबा, आंधळगाव'. झालं काम.

१३ फेब्रुवारी, रविवार

झालं नाही. सर म्हणाले, 'तुळसाचे बाबा' हे नाव नव्हे, नातं आहे. उद्या मी 'वनिताचे बाबा' म्हणून तुमच्या डिग्रीवर लिहू काय? वयाचा रकाना रिकामा. व्यवसायाचा रिकामा.

मसुद्यासोबत ती वनिताची वही चुकून गेली होती. सरांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? याला म्हणतात नोंद. मेथीसुद्धा सोडली नाही. मी म्हटलं, आमच्या घरचंच आहे. त्यावर सर माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले. कदाचित कौतुकानं.

दीड महिना राहिला. टेबल पुन्हा ओसरीत.

२७ फेब्रुवारी, रविवार

तुळसाचे बाबा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला आहेत, रविवारी घरी येतात. आज गाठले. स्वतःचं नाव त्यांनी एका झटक्यात सांगितलं : सेवकराम. वय त्रेसष्ट. मी मनात म्हटलं, सुटलो.

कथा कुणाकडून ऐकली, हे विचारलं तर म्हणाले, ऐकली नाही, वाचली. पुस्तकात. मीच वाचून दाखवली गावात पहिल्यांदा, तवा कुठं बायाइले मालूम झालं. माझे डोळे लकाकले. पुस्तक! म्हणजे लिखित पुरावा. बहुधा दुर्मीळ, हस्तलिखितच असावं. कुठं आहे पुस्तक? म्हणे साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, नेलं. साळा कुठं? पवनीला.

साळ्याचं नाव टिकाराम, कापडाचं दुकान. पवनी तर जुनं गाव, जमिनीतून प्राचीन अवशेष निघतात. असं पुस्तक तिथंच असायचं.

वनिताची आई म्हणाली, इतक्या दूर कायले जाता, अगोदर शाळेचं कपाट पाहा एकदा. मला हसू आलं. शाळेच्या कपाटात नकाशे आणि लेझीम.

१३ मार्च, रविवार. दुपारी २, पवनी बसस्टँड

हे इथंच लिहितो, राहवत नाही.

भंडाऱ्याला बस बदलून आलो. टिकाराम दुकानात. त्यानं आत जाऊन, कापडाच्या गठ्ठ्याखालून पुस्तक काढलं. निळं कव्हर. आमच्या शाळेचं वार्षिक. १९७६ चं.

पान चौदा. 'आमच्या बोडीची कथा'. लेखक : भोजराज तितिरमारे.

दोनदा वाचलं. तीनदा वाचलं. माझंच नाव आहे. सुईण, स्वप्न, टोपलं, सगळं तिथं आहे, वाक्यं तीच. टिकाराम म्हणाला, तुमी ओळखता काय जी या लेखकाले? मी म्हटलं, थोडंफार.

१४ मार्च. सकाळी ७

विचार केला. हे तर अतिशय उत्तम झालं. परंपरेचा मूळ आधार मीच आहे. मीच शोधक, मीच आधार. असं फार थोड्या संशोधकांच्या वाट्याला येतं.

तळटीप २७ : 'भोजराज तितिरमारे, आमच्या बोडीची कथा, शालेय वार्षिक १९७६, पृ. १४'. २८ ते ४१ : तत्रैव. आता प्रत्येक तत्रैव म्हणजे मी. उठून आरशात पाहून आलो.

२० मार्च, रविवार

सरांनी टीप वाचली आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, ठीक. या तितिरमाऱ्यांना ही कथा कोणाकडून कळली?

मी म्हटलं, सर, ते मीच. सर म्हणाले, 'मग तर सोपं आहे. विचारा त्यांना.'

सही नाही.

२२ मार्च

आठवत नाही.

१९७६ च्या सुरुवातीला मला टायफॉइड झाला होता. हेडमास्तरांना वार्षिकासाठी माझा लेख हवा होता, मी कबूल केला होता. लेख गेला, छापून आला, वाचायचं मात्र राहून गेलं. मधलं काही आठवत नाही. स्फुरला असणार. तापात पुष्कळ गोष्टी स्फुरतात.

२५ मार्च

शाळेच्या कपाटात मूळ हस्तलिखित सापडलं. नकाशांच्या मागं, जुन्या फायलीत. अक्षर वळणदार, ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही. माझं अक्षर असं नाही. तापामुळे सुधारलं असावं.

हे अक्षर मी अलीकडे कुठंतरी पाहिलं आहे.

२७ मार्च

वनिताची वही घेऊन बसलो. शेजारी ते हस्तलिखित. वही बंद केली. बोडीवर फेरफटका मारून आलो. पुन्हा उघडली. पुन्हा फेरफटका. लोक विचारतात, मास्तर, काय हरवलं जी?

२९ मार्च

धुळवड. सगळं गाव रंगात. मी दार लावून बसलो होतो. ती चुलीपाशी होती. दोन्ही कागद तिच्यापुढे धरले.

पाहिलं, हात पुसले, आणि म्हणाली, 'मीच लिहून देलं होतं. तुमी तापानं पडले होते, हेडमास्तरचा माणूस दोनदा येऊन गेला.'

मी विचारलं, तुले कोणं सांगतली ही कथा?

कोणीच नाही म्हणाली. बोडीची पाळ दरसाल घसरे. पंचायतवाले येत, पाहत, चहा पिऊन जात. बायाइले मात्र पाण्यासाठी कोसभर हिंडा लागे. तिला वाटलं, सुईणीच्या नावानं काही जोडलं त बाया तरी माती टाकतील. आणि टाकली. सात वर्षं झाली, पाळ एकदाही फुटली नाही.

मी म्हटलं, मग चार महिने मी वणवण फिरून राहिलो, तू काहून नाही बोलली?

'तुमी सगळ्या गावाले विचारलं,' ती म्हणाली. 'पवनीले गेले. मले एकदाही नाही विचारलं.'

मले लाज वाटली. प्रमाण भाषेत लिहिता येत नाही आज. लाज वाटली मले, बस.

३० मार्च. भंडारा, सरांच्या घरासमोर

सगळं सांगून टाकलं. वाटलं, चौथं प्रकरण गेलं, प्रबंध गेला, यादोरावले हार घालाचा. सर खूप वेळ हसले. मग म्हणाले, मथळ्यातलं प्राचीन काढा. प्रथा सात वर्षांची आहे, सात लिहा. खोट्या सातशेपेक्षा खरे सात बरे, आणि प्रथा सुरू कशी झाली, कोणी केली, कोणत्या वर्षी, इतकं नेमकं कोणाला मिळतं? हे तुमच्या प्रबंधातलं एकमेव संशोधन आहे, आणि ते तुम्ही केलेलं नाही. नाव लिहून आणा, सगळे रकाने भरून. सही करतो.

७०० मधले दोन शून्य खोडले.

संध्याकाळी, घरी. टीप लिहायला बसलो. वय मी अठ्ठावीस लिहिलं. तिनं बत्तीस करायला लावलं. लग्नाला बारा वर्षं झाली. म्हणजे इतकी वर्षं मी सोळाची नवरी धरून चाललो होतो. दिनांक मला माहीत नव्हता. तिला होता. त्या दिवशी तुमचा ताप उतरला होता, म्हणाली.

नाव लिहायच्या वेळी पेन थांबलं. म्हणून ही रोजनिशी पहिल्या पानापासून चाळून पाहिली. ही, ती, वनिताची आई. नाव कुठंच नाही. आणि मी पार्वताबाईवर दहा मिनिटं बोललो होतो.

३१ मार्च १९८३. दुपारी ४.५०

सही मिळाली. तीन प्रती दिल्या, दहा मिनिटं हाती ठेवून. तळटीपा शेवटी अशा :

२७. सौ. चंद्रकांता भोजराज तितिरमारे, वय ३२, आंधळगाव, घरकाम. माहिती दिल्याचा दिनांक ३ फेब्रुवारी १९७६.

२८. तत्रैव.

२९. तत्रैव.

३०. तत्रैव.

असं एक्केचाळीसपर्यंत.

सकाळी टायपिस्ट डोमाजी ही पानं टाइप करता करता थांबला. म्हणाला, कोण जी ह्या बाई? सगळीकडे ह्याच आहेत. मी म्हटलं, माझी बायको. त्यानं गठ्ठा हातात घेऊन वरखाली चाळला आणि अगदी सरळ मनानं विचारलं, 'मग यात तुमचं काय आहे, मास्तर?'

मी म्हटलं, ऋणनिर्देश आहे. चार पानं.

तोही पुन्हा टाइप करावा लागला. एक नाव राहिलं होतं.